साहेबरावांचा चौकटवाला

साहेबराव वाव्हळ्यांची एकतीस वर्षं हॅमर शॉपमध्ये गेली. फोर्जिंगची कंपनी. भट्टीतून लालबुंद लोखंड चिमट्यानं काढायचं, डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचं आणि वरून दोन टनांचा हॅमर आदळायचा, की जमिनीसकट पाय हादरायचे. कानात घालायला कंपनीनं रबरी बोळे दिले होते. पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नसे, आणि तिथं हाक चुकणं म्हणजे हात जाणं. म्हणून बोळे सगळ्यांच्या खिशात असत. रिटायर होऊन साहेबराव चिखलीतल्या आपल्या दोन खोल्यांत निवांत बसले, तेव्हा त्यांना वाटलं, चिखली किती शांत झाली! मग एके दिवशी त्यांच्या पाठीमागे कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, वरण करपलं, आणि बायको ओरडत आली तेव्हा त्यांना ते कळलं.

भाग्यश्री ही त्यांची एकुलती लेक, महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला. तिनं पहिल्या बोनसमधून बापाला कानाचं मशीन आणलं. मशीन लावलं की पंखा, भांडी, रस्त्यावरचा टेम्पो, सगळं एकदम डोक्यात ठोकायला लागे; बोलणं तेवढं बाहेर राही. पण पोरगी समोर उभी राहून विचारी, "येतंय ना ऐकू?" आणि साहेबराव तिच्या ओठांकडे बघत म्हणत, "एकदम झकास."

संध्याकाळी कस्तुराच्या, म्हणजे बायकोच्या, मालिका लागत. साहेबराव शेजारी बसत. त्या मालिकांत सगळा कारभार तोंडाचा. एक बाई बोले, आणि बोलणारीचं सोडून ऐकणाऱ्या सात जणांची तोंडं आळीपाळीनं दाखवत, त्यामुळे ओठ वाचायचीही सोय नसे. कस्तुरा हसली की साहेबराव हसत. कस्तुरानं डोळ्याला पदर लावला की ते गंभीर होत. असं सात वर्षं चाललं.

एका दुपारी कस्तुरा विहारातल्या बायकांच्या बैठकीला गेली होती. साहेबराव बातम्या लावायला गेले आणि रिमोटवर कुठलं तरी बटण दाबलं गेलं. पडद्यावर चीनमधलं एक जुन्या काळचं मोठं घर आलं. दाराच्या आत दार, त्याच्या आत दार, अशी चार दारं एका ओळीत. अगदी आतल्या दारात एक मुलगी बसलेली, बोटाएवढी दिसत होती. पुढच्या दारात एक म्हातारा पाठमोरा उभा. मधून एक मोलकरीण आली आणि आतलं दार लावून घेतलं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्याही अलीकडचं. म्हातारा हलला नाही. शेवटचं दार लागताना त्यानं पाठीमागे बांधलेल्या हाताची मूठ तेवढी आवळली.

साहेबराव खुर्चीत पुढे सरकून बसले. बाप आहे. पोरीनं काहीतरी केलंय, हा तिला कोंडतोय, आणि कोंडताना ह्याचाच जीव तुटतोय. कुणी चकार शब्द काढला नव्हता आणि त्यांना सगळं कळलं होतं.

न कळायला काय झालं? एक संकटाची हाक सोडली, तर हॅमर शॉपमध्ये एकतीस वर्षं ते हातांच्या भाषेतच जगले होते. तळहात दाखवला की थांब, दोन बोटं फिरवली की डाय बदल, हनुवटी उचलली की साहेब आलाय. आणि भट्टीतलं लोखंड किती तापलंय ते मीटर बघायच्या आधी ते रंगावरून सांगत. तांबडं, केशरी, पिवळं. नजरेनं वाचायचं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. टीव्हीनं आजवर त्यांना वाचायला काही दिलं नव्हतं, एवढंच.

कस्तुरा परत आली तेव्हा तिसरा भाग चालू होता.

"ह्ये काय बघायलाव?"

"चीनचं हाय."

"कळायलंय का?"

"सगळं," साहेबराव म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी ते खरं होतं.

त्यानंतर त्यांना नादच लागला. भाग्यश्रीनं त्यांना हिंदी आवाज दिलेल्या चिनी मालिकांची यादी कशी काढायची ते शिकवलं. महिन्याभरात साहेबरावांच्या ध्यानात आलं, की नट बदलले, काळ बदलला, तरी काही मालिका एकाच माणसाच्या हातच्या असतात. शेवटी येणाऱ्या पाटीवरची नावं चिनीत, ती कोण वाचणार? म्हणून त्यांनी आपणच नावं ठेवली. एक होता धूरवाला. त्याच्या मालिकेत दिवे कमी आणि धुकं फार; माणूस आधी सावलीसारखा येई, चेहरा मागाहून. एक होता पाकळ्यावाला. त्याच्यावर साहेबरावांचा राग होता. "कुणी मेलं की पाकळ्या, कुणी हसलं की पाकळ्या. झाडणाऱ्या बाईचा काही इचार?" आणि सगळ्यांत लाडका चौकटवाला, तो चार दारांचा. तो कुणालाही उगाच उघड्यावर आणत नसे. माणूस दिसे तो दारातून, खिडकीतून, नाहीतर दोन खांबांमधून. भांडलेली माणसं कधी एका चौकटीत नसत. ज्या दिवशी ती एका दारात उभी राहत, त्या दिवशी साहेबराव मांडीवर थाप मारत, "मिटलं!" आणि मिटलेलं असे.

ऐकायला हक्काचा माणूस म्हणजे चिमाजी. चिमाजी मूळचा चिखली गावातला, हॅमर शॉपमध्ये वीस वर्षं साहेबरावांच्या जोडीला. त्याचा एक कान अजून शाबूत होता. चारच्या चहाला तो रोज येई.

"तिच्या लुगड्याकडं बघ," साहेबराव त्याला सांगत. "पहिल्या भागात कोवळ्या पानागत हिरवं व्हतं. आता शेवाळ झालंय. पोरगी आतून काळी पडायलीय."

"व्हय की रं!" चिमाजी म्हणे. "मला वाटलं धुऊन धुऊन रंग गेला आसंल."

चार दारांच्या त्या मालिकेचे चाळीस भाग होते. बावीस झाले. तेविसावा लागला आणि दहा मिनिटांत साहेबराव अस्वस्थ झाले. कॅमेरा एकदम चेहऱ्यांवर आला होता. दारं होती, पण नुसती भिंतीला असावीत तशी. बाप आणि लेक, ज्यांचं अजून मिटलं नव्हतं, ते बागेत शेजारी शेजारी बसून रडत होते. डोळ्यांतलं पाणी लिंबाएवढं दिसत होतं.

"हा त्यो न्हाई," साहेबराव म्हणाले.

कस्तुरा भाकरी थापत होती. मशीन येण्याआधीच्या सवयीनं ती समोर येऊन उभी राहिली, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. "कोण न्हाई?"

"चौकटवाला. गेला त्यो सोडून. ह्ये दुसऱ्याच कुणाचं काम हाय."

कस्तुरानं थोडा वेळ बघितलं. "तीच तर माणसं हायती. तीच पोरगी, त्योच म्हातारा. आवाजबी त्योच."

"आवाजाचं काय सांगायलीस मला?"

"अहो, पर त्योच आवाज हाय. मी ऐकायले ना. तुम्हाला ऐकू यायलंय का न्हाई?"

"न्हाई येत!" साहेबराव ओरडले. "न्हाई येत मला ऐकू. टीव्हीचं एक अक्षर येत न्हाई. सात वर्षं झाली."

रिमोट उचलून त्यांनी टीव्ही बंद केला. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कस्तुरानं आत जाऊन गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच घेऊन ती आली आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"आन् मशीन?"

"मशीन नुसतं ठोकतंय डोक्यात. पोरीनं हौसेनं आणलंय, तिला काय सांगायचं?"

"मग माझ्यासंगं मालिका बघताना हसताव त्ये?"

साहेबरावांनी मान खाली घातली. मग त्यांना आठवलं, मान खाली घातली तर ती काय म्हणते ते कळायचं नाही. त्यांनी वर बघितलं. "तू हसलीस की हसतो."

कस्तुरानं पिठाचे हात पदराला पुसले. मग सावकाश, एकेक शब्द नीट दिसेल असं म्हणाली, "मी तर किती बार उगंच हसते. तुमचं तोंड उतरलेलं दिसलं की मला वाटतंय, कामाची आठवण आली असंल. म्हणून हसते. तुम्ही हसावं म्हणून."

"म्हंजी तिथं हसण्यासारखं काहीच नसतंय?"

"त्या मालिकेत? त्यात काय हसायचंय, डोंबलाचं!"

फर्स्ट शिफ्ट सुटून भाग्यश्री घरी आली तेव्हा आई-बाप समोरासमोर बसून डोळे पुसत हसत होते आणि घरभर करपल्याचा वास होता. तिला आधी काही समजेना. मग मशीनचं कळलं तशी ती बापाच्या समोर येऊन बसली.

"बाबा, निदान मला तरी सांगायचं होतंत."

"झकास म्हणलं की तुझं तोंड कसं व्हायचं, त्ये तू बघितलं न्हाईस," साहेबराव म्हणाले. "मी बघायचो."

शेवटी असं ठरलं की मशीन पुन्हा डॉक्टरकडे नेऊन जुळवून आणायचं. झालं तर झालं, नाही तर ठेवून द्यायचं. "आणि तुमच्या चौकटवाल्याचं आपण शोधून काढू," ती म्हणाली. तिनं टीव्ही लावला, बाविसाव्या आणि तेविसाव्या भागाच्या शेवटी येणाऱ्या नावांचे फोटो काढले आणि लिनला पाठवले.

लिन ही चीनहून आलेली इंजिनिअर. भाग्यश्रीच्या कंपनीत तपासणीचं एक नवं मशीन बसत होतं, त्यासाठी ती दोन महिने चाकणला राहत होती. वयानं तिशीची, बोलायला कमी. दोघींचं इंग्रजी बेताचं, पण कामापुरतं जुळत होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत लिन फोन घेऊन भाग्यश्रीजवळ आली.

"तुझ्या वडिलांना चिनी वाचता येतं?"

"नाही."

"मग त्यांना कसं कळलं?"

बाविसाव्या भागापर्यंत दिग्दर्शक म्हणून एकच नाव होतं. तेविसाव्यापासून ते नव्हतंच; त्याच्या जागी दुसरी दोन होती. का, ते लिनला ठाऊक नव्हतं. भाग्यश्रीनं तिथूनच बापाला मेसेज केला: "बाबा, तुमचं बरोबर होतं. बाविसाव्या भागापर्यंत एक. मग दुसरेच दोघे." खाली तिनं ते नावही मराठीत लिहिलं होतं. साहेबरावांनी ते तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा ते वेगळंच झालं. मग त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि भर दुपारच्या उन्हात चिमाजीला फोन दाखवायला गेले.

इकडे लिनला चैन पडेना. तिनं गावी आईला फोन करून ते नाव विचारलं. आईनं लगेच ओळखलं. हा तोच, म्हणाली, ज्यानं पंचवीसेक वर्षांपूर्वी पोलाद कारखान्याच्या गावावर मालिका केली होती. तेव्हा आमच्या अख्ख्या चाळीनं ती बघितली. लिननं शोधलं. मालिका इंटरनेटवर होती, पण हिंदी आवाज नाही, इंग्रजी अक्षरं नाहीत, निव्वळ चिनी.

"चालेल का?" तिनं विचारलं. भाग्यश्रीनं तिला रविवारी जेवायलाच बोलावलं.

रविवारी लिन आली ती लॅपटॉप आणि एक वायर घेऊन. दारातून आत येताच समोरच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर दिसली तशी तिनं हात जोडून मान लववली. मग शेजारच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे बोट केलं. "हे कोण?"

"बाबासाहेब," भाग्यश्री म्हणाली आणि इंग्रजीत कसं सांगावं याचा विचार करत राहिली. "मी शिकले, इंजिनिअर झाले, ते यांच्यामुळे."

लिननं त्या तसबिरीलाही मान लववली. कस्तुरानं आतून ते बघितलं आणि भाकरीवर तेलाची धार जरा जास्तच सोडली. जेवताना ठेचा वाढायला ती कचरत होती. पण लिन तिखट खाणाऱ्या मुलखातली निघाली. तिनं तो बोटानं चाटून बघितला आणि दुसऱ्यांदा मागितला. तिथंच कस्तुराचं आणि तिचं नातं जुळलं.

चिमाजी आणि त्याची बायको शालनबाई आली. वायर जोडली. पडद्यावर राखाडी गाव आलं, धुराडी, सायकलींची रांग, आणि कारखान्याच्या फाटकातून निळ्या कपड्यांत बाहेर येणारा एक माणूस, हातात डबा. एकजण त्याच्याशी काहीतरी बोलला. लिन लगबगीनं इंग्रजीत सांगायला लागली, भाग्यश्री मराठीत करायला लागली, तेवढ्यात साहेबरावांनी तळहात दाखवला. थांब. चिमाजी लगेच हसला. ती खूण त्याच्या ओळखीची होती.

"सांगू नका," साहेबराव म्हणाले. "बघू तरी."

कस्तुराला चिनी कळत नव्हतं, चिमाजीला नाही, शालनबाईला नाही, भाग्यश्रीला नाही. पडद्यावरची माणसं बोलत होती आणि घरातल्या कुणालाच काही समजत नव्हतं. कस्तुरानं नवऱ्याकडे बघितलं. सात वर्षं हा माणूस असा माझ्या शेजारी बसला, तिच्या मनात आलं. तिनं सरकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय चाललंय? सांगा की आम्हाला."

आणि साहेबराव सांगायला लागले.

"ह्याला कामावरनं काढलंय. घरी ठाऊक न्हाई."

"कशावरनं रं?" चिमाजीनं तोंड त्यांच्याकडे करून विचारलं.

"डबा बघ. चालताना हलंना. भरलेला हाय. जेवला न्हाई. आन् फाटकातनं भाईर आला तवा मागं वळून बघितलं. कामावरनं रोज सुटणारा कवा मागं बघतोय का? आपण बघायचो?"

"न्हाई बा."

"आता बघा, घर आलं. दोन बायका हायती. ही दारात आली ती बायको. ती आत शिवत बसलेली बहीण असंल त्याची. का, तर चौकटवाल्यानं ह्या दोघांना एका दारात उभं केलंय."

भाग्यश्री हे भरभर लिनला सांगत होती. डब्याचं ऐकून लिनचे डोळे मोठे झाले होते. पण इथं तिनं मान हलवली. दारातली बहीण, शिवणारी बायको. उलटं होतं.

"चुकला, चुकला!" चिमाजी टाळी वाजवून ओरडला. "साहेबा, बाद!"

साहेबरावांनी लिनकडून तो तुकडा पुन्हा लावून घेतला. माणूस दारात उभा आहे, बहीण शेजारी. आत बायको शिवतेय, तिची मान वर होत नाही, आणि तिच्या नि त्याच्या मधे दाराचं जाड लाकूड आहे.

"मग तिला म्हाईत हाय," ते हळूच म्हणाले. "त्याची नोकरी गेल्याचं बायकोला आधीच कळलंय. तिनं त्याला आत घेतलं न्हाई. त्यो सांगंल याची वाट बघायलीय."

भाग्यश्रीनं ते लिनला सांगितलं. लिननं तोंडावर हात ठेवला. कालच तिनं आईकडून सगळी गोष्ट ऐकली होती. बायकोला माहीत असतं, हे पाचव्या भागात उघड होतं.

त्या दिवशी तीन भाग झाले. मधेमधे लिन फोनवरून आईला सगळं कळवत होती. लिन निघताना साहेबरावांसमोर उभी राहिली आणि फोनवर काहीतरी बोलली. फोननं त्याचं मराठी करून अक्षरांत दाखवलं. "माझी आई म्हणते, तुम्ही तिच्या शेजारी बसून बघायला हवं होतं." साहेबरावांनी ते वाचलं आणि तिला ठेच्याची बरणी दिली.

कंपनीतलं तपासणीचं मशीन चालू झालं तशी लिन गावी परतली. मालिका मात्र वाव्हळ्यांच्या घरात राहिली. भाग्यश्री आपल्या लॅपटॉपवर लावून देई. दर रविवारी दोन भाग. चिमाजी आणि शालनबाई तर ठरलेलेच, कधी वरच्या मजल्यावरची माणसंही येत. साहेबराव सांगत, बाकीचे ऐकत. कुठं अडलं तर भाग्यश्री लिनला विचारी, आणि उत्तर आलं की चिमाजी खडूनं दरवाज्यामागं रेघ मारी, बरोबर असेल तर उभी, चूक असेल तर आडवी. आडव्या सहा झाल्या. कानाचं मशीनही जुळवून आणलं. त्यात समोरच्या एका माणसाचं बोलणं थोडंफार यायला लागलं, टीव्हीचं नाही. साहेबरावांनी या वेळी लेकीला तसंच सांगितलं.

शेवटचा भाग दिवाळीच्या आधीच्या रविवारी आला. त्यात जवळजवळ पंधरा मिनिटं कुणी बोललंच नाही. कारखान्याची भट्टी विझवली. माणसांनी हातमोजे काढून एका ढिगावर ठेवले. तो निळ्या कपड्यांतला माणूस, ज्याला शेवटच्या दोन वर्षांसाठी परत कामावर घेतलं होतं, सगळ्यांच्या मागून चालत फाटकाशी आला आणि उभा राहिला.

साहेबराव बोलेनात. चिमाजी उपरण्यानं नाक पुसत होता. शालनबाईला राहवेना.

"काय झालं वं? का थांबला त्यो?"

उत्तर कस्तुरानं दिलं. साहेबराव तिच्या ओठांकडे बघायला लागले. "शेवटची शिफ्ट सुटली. सगळे गेले. ह्यो मुद्दाम मागं राहिला. फाटकाच्या भाईर पाऊल टाकलं की परत आत येता यायचं न्हाई, म्हणून थांबलाय."

"आसं म्हनला त्यो?"

"काहीच न्हाई म्हणला. फाटकातनं बघा की, भाईरचा रस्ता किती बारीक दिसायलाय. आन् मागं भट्टी केवढी मोठी."

शालनबाई पडद्याकडे बघायला लागली. कस्तुरा नवऱ्याकडे वळली, ओठ दिसतील अशी. "बराबर सांगितलं का मी?"

साहेबरावांनी मान डोलावली.

"बराबर," ते म्हणाले. "फक्त त्यो आपणहून थांबला न्हाई. त्याला चौकटवाल्यानं थांबवलाय."

"बरं, मास्तर," कस्तुरा म्हणाली आणि चहा टाकायला उठली.